कालचा पाव

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे 'कालचा पाव' म्हणतात. तोंडावर नाही, पण माझे कान तिखट आहेत. आमच्या बेकरीत उरलेला पाव वेगळ्या फळीवर असतो आणि त्यावर ह्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात पाटी: 'कालचा'. कुणी चुकून तिथे हात घातलाच, तर हे स्वतःच म्हणणार, "अहो, तो नको, शिळा लागेल." असा दुकानदार कुणी पाहिलाय? लग्नानंतर पाच वर्षं मी कपाळाला हात लावत होते. मग हात दुखायला लागला, म्हणून सोडून दिलं.

पीठ मळता मळता हे प्रार्थना करतात. ज्यांच्या घरी तो पाव जायचा, त्यांची आठवण काढतात. दम्याचे आजोबा, शाळेतल्या बाई, आणि आमच्याशी उभा दावा मांडलेला न्हावीसुद्धा. "प्रभूचं काम काय रविवारी उपासना संपली की संपतं?" एवढंच ह्यांचं म्हणणं.

शनिवारी दुपारी चर्चच्या मंडळीसाठी एक मोठा गोल पाव भाजायचा. रविवारी प्रभुभोजनाला तोच मोडतात आणि थाळी बाकाबाकावरून फिरते. सगळे एकेक तुकडा घेतात. हे थाळी धरायचे, तिच्याकडे भुकेल्यासारखे बघायचे आणि तुकडा न घेताच माझ्याकडे द्यायचे. एक-दोनदा नाही, अकरा वर्षं.

कारण मोठे दीर. पूर्वी बेकरी दोघा भावांची होती. एका सकाळी दादांनी आदल्या दिवशीचे पाव भट्टीत गरम केले आणि ताजे म्हणून वसतिगृहाच्या आचाऱ्याला दिले. ह्यांनी भरल्या दुकानात सांगून टाकलं, "ते कालचे आहेत. दादा खोटं बोलतोय." दादांनी एप्रन खुंटीला टांगला आणि गेले ते गेलेच. तीन गल्ल्या पलीकडे बिऱ्हाड केलं.

"खरं तेच बोललात ना?" मी म्हणायचे.

"खरं बोललो गं. पण चारचौघांत, त्याची मान खाली जावी म्हणून बोललो. भावाच्या मनात आपल्याविषयी सल असेल, तर आधी त्याच्याकडे जायचं, मग प्रभूपुढे."

चर्चच्या पाळकांनीही समजावलं, "तुम्ही तुमच्याकडून केलंत. आता घ्या." पण हे कसले ऐकतात! "त्याचं दुखणं अजून तसंच आहे, पाळकसाहेब. माझ्या घशाखाली कसं उतरेल?"

म्हणून दर शनिवारी हे एक छोटा पाव घेऊन दादांच्या दाराशी जायचे. तीनदा टकटक करायचे. "दादा, माझं चुकलं," म्हणायचे, थांबायचे, पाव खिडकीत ठेवून परत यायचे.

"उघडलं?" मी विचारायचे.

"नाही. पण आत चपला वाजल्या."

अकरा वर्षं हा माणूस चपलांच्या आवाजावर जगला.

मग एका शनिवारी ह्यांना ताप भरला. तसेच उठायला लागले. "पाव राहिला... दादाकडे जायचं राहिलं..." मी त्यांना पांघरुणात कोंबलं आणि स्वतः गेले. मी टकटक वगैरे केली नाही. दार बडवलं.

"दादा, उघडा! नाहीतर गल्ली गोळा करीन!"

दार उघडलं. दादांचे केस पार पांढरे झाले होते. "तो का नाही आला?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"तापानं फणफणलेत. आणि तुमच्यापायी अकरा वर्षं प्रभुभोजन घेतलं नाहीये त्यांनी. ठाऊक आहे?"

दादा दाराला धरून खालीच बसले. "चूक माझी, आणि माफी तो मागायचा. कोणत्या तोंडानं दार उघडू?"

मागे जाऊबाई उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दादांचे कान त्यांनीच भरले, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं.

दादा माझ्याबरोबर आले. खुंटीवरचा एप्रन बांधला आणि मंडळीचा पाव भाजायला भट्टीपुढे उभे राहिले.

रविवारी उपासनेनंतर पाळक थाळी घेऊन आमच्या माडीवर आले. हे उशीला टेकून बसले होते. सवयीनं थाळी माझ्याकडे सरकवणार, तोच थांबले. थाळीतल्या उरलेल्या पावावर सुरीच्या दोन चिरा होत्या. हे नेहमी एकच देतात.

"दादाचा हात आहे हा," हे म्हणाले.

दादा दारातच होते, उंबऱ्याबाहेर. "कालचा आहे," ते म्हणाले. "आधीच सांगून टाकतो."

हे हसले, आणि हसता हसता रडायला लागले. "आत ये," म्हणाले. दादा येऊन खाटेवर बसले, तेव्हा ह्यांनी तुकडा उचलला. किती वेळ चघळत होते!

मग थाळी माझ्यापुढे आली. मी हात पुढे केला आणि तो तिथेच राहिला. अकरा वर्षं मी दर रविवारी बिनदिक्कत तुकडा घेतला होता, आणि घरी येऊन जाऊबाईंच्या नावानं बोटं मोडली होती. ह्यांना मी वेड्यात काढत होते.

"जाऊबाई कुठायत?" मी विचारलं.

"खाली," दादा म्हणाले. "जिन्यापाशी. वर यायला घाबरतेय."

मी थाळी पाळकांच्या हातात परत दिली.

"मी थांबतो," ते म्हणाले.

मी जिना उतरायला लागले.