खेळण्यातल्या फोनवरचा निरोप

आधीच सांगते, अंगात येणं, करणी, बाहेरची बाधा हे सगळं मी रोज ओपीडीत ऐकते. असलं काही सांगणारा माणूस मला पेशंटच वाटतो. आज मीच सांगतेय... हसायचं तर खुशाल हसा.

अकोल्यात माझी मानसोपचाराची रेसिडेन्सी चालू होती. दुसरं वर्ष, लहान मुलांच्या विभागात पोस्टिंग. कपाशी बुडाल्याची ती वर्षं, घरातलं माणूस गमावलेली मुलं दर आठवड्याला यायची. बार्शीटाकळीकडच्या आठ वर्षांच्या वैष्णवीचा बाप शेतात वीज पडून गेला होता. तेव्हापासून, म्हणजे दोन महिने, पोरीची वाचा बंद. आजोबा दर गुरुवारी तिला एसटीने आणायचे; आईने अंथरूण धरलं होतं, तिच्याजवळ आजी थांबायची. घरी फोन नव्हता, म्हणून शेजाऱ्यांचा नंबर आम्ही फाइलवर लिहून घेतला होता.

मुलांना खेळातून बोलतं करायचं, हे आमचं शिक्षण. तिने लाल प्लास्टिकचा फोन निवडला. तीन गुरुवार तो कानाला लावून ती नुसती ऐकत बसली.

चौथ्या गुरुवारी दुपारी बाराला तिने फोन माझ्यापुढे धरला.

"मॅडम, बाबा इचारून राहिले, आईले एकटीले कावून सोडलं? कोणाले तरी पाठवा म्हणतात."

मी आनंदाने वेडीच झाले! पोरगी बोलली—तेही दोन अख्खी वाक्यं! धावत सरांना बोलावलं, त्यांनी पाठ थोपटली. फाइलमध्ये मी लिहिलं, 'स्वतःहून बोलली, उच्चार स्पष्ट.' काय बोलली, ते लिहायचं सुचलंच नाही.

सव्वा तासाने बाहेर बसलेल्या आजोबांना कौतुकाने सांगायला गेले. तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि सांगताना पहिल्यांदाच मी ते नीट ऐकले.

"एकटी कशी?" आजोबा म्हणाले. "माही बायको हाय ना घरी."

मी शेजाऱ्यांना फोन लावला. हे दोघं एसटीत बसल्यावर आजीला भावाच्या आजारपणाचा निरोप आला होता, साडेअकराला ती अंजनगावला निघून गेली. शेजारी बघायला गेले. दार आतून बंद. तोडलं, पण वैष्णवीच्या आईने जीव दिला होता. अंग अजून गरम होतं, असं ते रडत सांगत होते.

आजोबांनी मला एवढंच विचारलं, "तुमाले तं बाराले समजलं होतं ना, मॅडम?"

सर म्हणतात, योगायोग. आईची काळजी पोरीने बापाच्या तोंडी घातली. असेलही. आजी निघून गेल्याचं तिला कसं कळलं, ते मात्र सरांनाही सांगता येत नाही. मी तर ते शोधणंही सोडलंय. निरोप कुणाचाही असो, एक फोन लावायला माझं काय जात होतं?