मेव्हण्याच्या स्कूटरवरून डाकघर वाचवायला

टपाल खातं खासगी कंपन्यांना द्यायचं घाटतंय अशी कुणकुण नव्वदच्या दशकात लागली, आणि ठाण्यात टेंभी नाक्यावर आम्ही चौघांनी विरोध समिती काढली. भाषणं सगळ्यांनी केली. प्रवास मी एकट्यानेच केला, कारण समितीत शनिवारी सकाळी उठणारा दुसरा कोणी नव्हता.

टिटवाळ्याच्या पलीकडे एका वाडीत छोटं शाखा डाकघर होतं. त्या आठवड्यात तिथे टपालाची मोजणी होती. पेटीत पत्रं कमी पडली की डाकघर बंद. आधी तोट्यातली बंद करायची, मग उरलेली विकायची, हे मी सभेत नीट समजावलं होतं. लोक तेव्हा बटाटेवडे खात होते. म्हणून पंधरा पैशांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा घेतला, प्रत्येकावर दिल्लीचा पत्ता आणि खासगीकरणाला विरोध लिहिला. मजकूर दर कार्डावर वेगळा. एकच असला की न वाचता फेकतात.

गाडी मेव्हण्याची. विलास, माझ्या बायकोचा भाऊ, एका कुरियर कंपनीत होता. स्कूटरवर कंपनीचं नाव, डिकीत पाकिटं. त्यालाही त्या बाजूला काम होतं.

"भाऊजी, आमच्या साहेबांना कळलं ना, तर मला काढतील आणि तुम्हाला घेतील," म्हणाला.

कशेळीचा पूल, भिवंडी, कोन, मग दुर्गाडीचा पूल उतरून कल्याण. भिवंडीतले खड्डे तेव्हाही जुनेच होते. कल्याणात मिसळ खाऊन घ्या, पुढे चहाशिवाय काही मिळत नाही. तेव्हा मिळत नव्हतं. आता टिटवाळ्यात इमारतींपेक्षा हॉटेलं जास्त. मुरबाड रस्त्याने गोवेलीपर्यंत जायचं आणि डावीकडे वळायचं. विलास उजवीकडे वळला. मी डावीकडे सांगितलं होतं.

वाडीतलं डाकघर म्हणजे पोस्टमास्तर भोईरांच्या घराची पडवी. टेबल, वजनकाटा, शिक्का, आणि बाकावर हौसाबाई. मुलगा सुरतेला, त्याची मनीऑर्डर इथेच यायची. डाकघर बंद झालं तर कल्याण गाठावं लागणार, आणि म्हातारी काठीशिवाय अंगणातसुद्धा उतरत नव्हती.

"कल्यानला मी काय उडून जाऊ काय?" तिने मलाच विचारलं, जणू बंद मीच करत होतो.

मी कार्डं पेटीत टाकायला लागलो. मास्तरांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विलासला पाहिल्यावर मात्र न विचारता तिकिटांचा कागद पुढे सरकवला. विलासने डिकीतली पाकिटं काढली, बाकावर हौसाबाईशेजारी बसला आणि एकेकावर तिकीट चिकटवू लागला. कुरियरची पाकिटं. सगळी आजूबाजूच्या वाड्यांची.

 हे काय चाललंय, असं मी विचारलं.

"कल्याणच्या पुढे आम्ही जात नाही, भाऊजी. पुढे हेच जातात."

"आणि पैसे?"

"पैसे आम्ही घेतो."

हौसाबाई फिसकन हसली. तिला आमचं भांडण कितपत कळलं कोण जाणे, पण तिकिटं ओली करायला तिने पाण्याची वाटी पुढे केली. माझ्या कार्डांपेक्षा त्याची पाकिटं जास्त निघाली, हे मास्तरांनी मोठ्याने सांगायची गरज नव्हती.

परतताना भिवंडीचे खड्डे मी एकेक करून मोजले.  समितीची सगळी भाषणं एका वाटीभर पाण्यापुढे फिकी पडली होती, आणि त्या पाण्याने तिकिटं चिकटवत होता तो विरोधक.

पुढे कळलं, मोजणीत डाकघर तरलं. मनीऑर्डर पडवीतच येत राहिली. दिल्लीहून माझ्या एकाही कार्डाला उत्तर आलं नाही.

विलास आमच्या घरी जेवायला आला तेव्हा समितीचं निवेदन सहीसाठी त्याच्यापुढे ठेवलं. सही केली तर नोकरी जाईल म्हणाला, आणि कागदावर सांडलेली आमटी पुसून तो परत दिला. मी चार शब्द सुनावले. बायकोने भावाचीच बाजू घेतली. चपला घालताना तो दारात थांबला.

"पुढची मोजणी कधी आहे तेवढं आधी सांगा, भाऊजी. तोवर पाकिटं अडवून ठेवतो, मोजणीत सगळी एकदम टाकतो."