उसातली वाट आणि आमचं टेन्शन

आमच्या जुन्नर तालुक्यात टेन्शन घेतात, देतात, आणि कंटाळा आला की सोडूनही देतात. लाईट गेल्यावर वायरमनला फोन केला की तो म्हणणार, ‘टेन्शन नका घेऊ भाऊ.’ म्हणजे आज लाईट येत नाही. टोमॅटोचा बाजार पडला की टेन्शन, पोरीचं लग्न ठरेना म्हणून टेन्शन, आणि ठरलं की त्याहून जास्त. आई घोर म्हणायची, धास्ती म्हणायची, हुरहूर म्हणायची. आता सगळ्याला मिळून हा एकच शब्द, आणि तो मी किती वापरतो ते बायकोला विचारा. ‘तुमाला टेन्शन नसलं की त्याचंच टेन्शन येतं,’ म्हणते. खोटं नाही ते. मी मुळातच घाबरट माणूस.

त्यातलं मोठं टेन्शन मुलीचं. ती नारायणगावला कॉलेजात जाते. संध्याकाळी एसटीतून फाट्यावर उतरते आणि तिथून मळ्यातल्या घरापर्यंत उसातली वाट. येडगावच्या धरणाचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या राहायला आला. त्यामुळे आमच्याकडे कुणी गुपचूप चालत नाही. मोबाईलवर मोठ्यांदा गाणी लावायची, म्हणजे माणूस येतंय हे त्याला कळतं आणि तो बाजूला होतो. मी रोज पडवीत बसून तिच्या गाण्याकडे कान लावतो. गाणी भिकार असतात. पण ऐकू आली की जीव भांड्यात पडतो.

त्या दिवशी गाणं ऐकू आलं आणि मध्येच तुटलं.

फोन लावला, तर बंद. ‘अवो, चार्जिंग संपलं आसंल,’ बायको म्हणाली. पण मी कुणाचं ऐकतोय! मोबाईल खाटेवर टाकला आणि पळत सुटलो. हातात काठी नाही, पायात चप्पल नाही. हाक मारायचंही सुचलं नाही. दिवेलागण झालेली, दोन्हीकडे ऊस. उसाचं वाळलेलं पाचट वाजलं की थांबायचो आणि पुन्हा पळायचो. सगळी वाट संपत आली तरी ती दिसेना. तेव्हा मला जे झालं, त्याला आईचाही एकही शब्द पुरला नसता.

ती फाट्यावर चहाच्या टपरीपाशी उभी होती. चार्जिंग संपून गाणं बंद पडल्याबरोबर मागं फिरली होती, सोबत मिळेपर्यंत थांबायचं म्हणून. मीच तसं शिकवलेलं. तिला बघून मला हसूच फुटलं. तिचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

‘पप्पा, एकटे आलात? काठी कुठंय? मोबाईल?’

‘तुझं टेन्शन आलं गं.’

‘आन् तुमाला काय झालं असतं म्हंजे? मी रोज कॉलेजात बसल्या बसल्या हाच इचार करती. पप्पा उसाला पाणी धरायला गेलं असतील, नीट घरी आलं असतील का न्हाई!’ टपरीवरच्या माणसांसमोर ती ढसाढसा रडायला लागली.

तोवर मला वाटायचं, घरात घाबरणारा मी एकटाच. माझी भीती मी तिच्याही पदरात घातली होती, आणि पोर बिचारी ती घेऊन रोज एसटीत बसत होती.

टपरीवाल्याची बॅटरी घेऊन आम्ही निघालो. ती पुढं, मी मागं. वाटभर ती मला मोठमोठ्यानं झापत होती. त्या आवाजापुढं उसातलं कुठलंच जनावर टिकलं नसतं. घराचा दिवा दिसला तरी मला वाटत होतं, हिनं अजून बोलावं.