गुंजवणीचं पाणी वाचणारे नाना

वेल्ह्याकडच्या त्या गावात नाना रोज सकाळी आठला गुंजवणी नदीच्या पुलापाशी उभे असत. खांबावर फुटांच्या खुणा रंगवलेल्या होत्या. पाणी कुठवर आलंय ते वाचून वहीत लिहायचं, एवढीच त्यांची नोकरी. पण तोरा असा, की नदी जणू त्यांना विचारूनच वाहते! आजारी पडले, तरी अंदाजाने आकडा टाकत नसत. रकाना कोरा ठेवत. "न बगता लिवायचं, तर वही कशाला पायजे, सायेब?" म्हणत.

सत्तर सालच्या सुमारास मी भोरला पाटबंधारे खात्यात नोकरीवर आलो. पुण्यात काँप्युटर शिकलेला, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. नानांच्या वह्यांतले सगळे आकडे मी मशीनला वाचता येणाऱ्या भोकांच्या कार्डांवर उतरवून घेतले आणि माझा पहिला प्रोग्रॅम लिहिला: एकेक आकडा वाचायचा, दिवसांच्या क्रमाने ॲरेच्या, म्हणजे मशीनच्या आठवणीतल्या ओळीच्या, खणांत भरायचा, शेवटी सर्वांत मोठा शोधायचा. पाण्याच्या त्या उंचीच्या पाच फूट वर नदीकाठी बांधायच्या नव्या वस्तीचे खुंट ठोकले गेले.

खुंट बघून नाना अस्वस्थ झाले. "सायेब, हितं पाणी आलं व्हतं एकदा. पूल बुडाला व्हता."

मी छापील कागद पुढे केला. "नाना, हे तुमचेच आकडे. इतकं पाणी तुम्ही कधी लिहिलेलंच नाही."

त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवत कागद वाचला. "व्हय, माजेच हायत. मंग मलाच नीट आठवत नसंल." त्यांच्या विधवा लेकीला, सुमनला, तिथे जागा मिळाली होती. नानांनी स्वतः राबून तिचं घर उभं केलं.

तिसऱ्या पावसाळ्यात वस्ती वाहून गेली. सुमनचं प्रेत दोन मैल खाली सापडलं.

मी वह्या पुन्हा काढल्या. पूल बुडाला त्या दोन दिवसांचे रकाने कोरे होते. शेजारी नानांचा शेरा: 'पाणी खुणांच्या वर. वाचता आले नाही.' शेरे मी कार्डांवर घेतलेच नव्हते, आणि कोऱ्या जागेचं मशीनने शून्य वाचलं होतं. सर्वांत मोठ्या पुराच्या दिवशी माझ्या हिशेबी नदी कोरडी होती.

नानांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शिव्या द्याव्यात म्हणूनच गेलो होतो. ते एवढंच म्हणाले, "पर म्या तिथं शून्य न्हवतं लिवलं, सायेब."

मग त्यांनी मोजायची टेप मागितली. सुमनच्या घराची एक भिंत उरली होती, तिच्यावर गाळाची रेघ. खालचं टोक त्यांनी धरलं, वरचं मी.

"सात फूट दोन इंच," मी म्हणालो. त्यांनी स्वतः टाचा उंचावून बघितलं आणि वही माझ्या हातात दिली. "माजा हात चालत न्हाई. तुमी लिवा."

मी लिहिलं. नानांनी आकडा दोनदा वाचला आणि त्याखाली मला सही करायला लावली.