बेटावरची चौकशी

नांदेडला आईनं सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं की पोरगा परदेशात असतो. परदेशात म्हणजे थायलंडच्या एका बेटावर, नारळाच्या झाडांखाली, पत्र्याच्या दोन खोल्यांत. कंपनी पुण्याची होती. मी कुठं बसतो याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं, लॅपटॉप वेळेवर उघडला म्हणजे झालं. मीटिंगमध्ये माझ्या मागं समुद्र दिसला की साहेबाचा चेहरा पडायचा, म्हणून मी आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायचो. ज्या समुद्राचे फोटो बघून माझे मावसभाऊ जळत होते, तो दिवसभर मला नुसता ऐकू यायचा. काम संपेपर्यंत बाहेर अंधार झालेला असायचा.

आमच्यासारखे तिथं पुष्कळ होते. बहुतेक युरोपातले, अनवाणी फिरणारे, एका नारळपाण्यावर चार चार तास कॅफेचं वायफाय वापरणारे. पहिल्या भेटीत मिठी मारायचे आणि पंधरा दिवसांनी तुमचं नाव विसरून पुढच्या बेटावर जायचे. मला ते फुकटे वाटायचे आणि त्यांना मी बहुधा वेटर वाटत असेन. पहिल्या तीन महिन्यांत मी मराठीत फक्त आईशी बोललो, तेही रविवारी.

मग तो भेटला. भाजीच्या दुकानात माझ्यापुढं उभा राहून फोनवर आईला विचारत होता, "आई, हितली वांगी हिरवी हायेत, गोल गोल. भरायची का नको?" मी मागून म्हणालो, "भर, पण देठ काढू नको." तो वळला आणि त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. मला हसू आलं. सत्तावीस वर्षांचा घोडा, वांग्यासाठी रडतो.

तो लातूरचा. तिथल्या कोचिंग क्लासेसच्या शिकवण्यांचे व्हिडिओ कापायचं काम करायचा. सर फळ्यावर लिहिताना खोकले की खोकला कापायचा, खडू मोडला की ते कापायचा. हे काम लातुरात बसूनही झालं असतं. पण त्याला एकदा समुद्र बघायचा होता, आणि बघायला आला तो राहिलाच. आठवडाभरात तो आपली बॅग, ज्वारीच्या पिठाचा डबा आणि आमटीच्या येसर मसाल्याची पुडी घेऊन माझ्या दुसऱ्या खोलीत आला. स्वयंपाक तो करायचा. भांडी मी घासायची असं ठरलं होतं, पण तीही बऱ्याचदा तोच घासायचा.

आमची भांडणं मात्र झकास व्हायची. नवं विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर आम्ही अंदमान समुद्राच्या काठी तावातावानं भांडलो आहोत. तो म्हणायचा, तुमच्याकडं हाय काय? मी म्हणायचो, तुमच्या गावाला पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तू बोलू नको. तो हसून गरम भाकरी आधी माझ्या ताटात टाकायचा. मी ती टाकून घ्यायचो, जणू ते त्याचं कामच होतं.

सातव्या महिन्यात त्याला स्थळ आलं. मुलगी बिलोलीची, तिथल्याच एका शाळेत शिकवणारी. घरच्यांनी नंबर दिले आणि दोघं बोलायला लागली. ती शाळेतून पाच वाजता घरी यायची. तेव्हा आमच्याकडं साडेसहा, सूर्य बुडायची वेळ. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. हा बावळट रोज पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभा राहायचा आणि फोन लाटांकडं धरायचा. मी चहाला उठलो की दारातून दिसायचा. स्वतःचं तोंड दाखवायचं सोडून पाणी दाखवत बसलेला नवरदेव मी तरी दुसरा पाहिला नाही. महिनाभर हे चाललं. तिला बेटावर यायचं नसेल तर आपण लातूरला परत जाऊ, असं त्यानं तिला कबूलही करून टाकलं होतं.

एक दिवस तो म्हणाला, "भाऊ, तिच्या मामाला चौकशीला माणूस पाहिजे. हितं माझं कोण हाय? तुझा नंबर दिला मी. जे हाय ते सांग."

आमच्याकडं चौकशी कशी होते ते सांगायला हवं. मुलीकडचा एखादा शहाणा माणूस न कळवता मुलाच्या गावात उतरतो. पानटपरीवर, पिठाच्या गिरणीत, शेजारच्या ओट्यावर टेकतो, पाऊसपाण्याचं बोलतो आणि मध्येच विचारतो, ते अमक्याचं पोरगं कसं आहे हो? आता आमची माणसं फार सज्जन. कुणाच्या पोराबद्दल वाईट शब्द तोंडातून काढणार नाहीत. लग्न मोडल्याचं पाप कोण घेतो? ती एवढंच म्हणतात, "ते तुम्ही त्यांनाच विचारलेलं बरं." विचारणारा उठतो आणि त्या घराची पायरी न चढता परत जातो. मी दहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर आत्याच्या स्थळासाठी असाच एका गावी गेलो होतो. गिरणीवाला हे वाक्य बोलला आणि त्यानं पट्टा चालू केला. परत येताना एसटीत वडील म्हणाले, "झालं काम." मी म्हणालो, तो तर काहीच बोलला नाही. वडील म्हणाले, "अजून काय बोलायचं त्यानं?"

माझा स्वतःचा बायोडाटा तेव्हा तीन वर्षांपासून फिरत होता. मी तेहतिशीला आलो होतो. मुलीचे बाप विचारायचे, ऑफिस कुठं? ऑफिस नाही म्हटलं की चहा अर्धा ठेवून उठायचे. एकानं तर माझ्या वडिलांना विचारलं होतं, "समुद्रावर राहून काय करतो, मासे धरतो काय?" वडिलांनी हे मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना तेही हसले. ते हसणं मी विसरलो नव्हतो.

मामांचा फोन दुपारी आला. तो भाजी आणायला गेला होता. माझं ताट वाढून, झाकून गेला होता. भरलेली वांगी, भाकरी, वर कांदा. मी उजव्या हातानं जेवत होतो आणि डाव्या हातात फोन धरला.

"नांदेडचे का तुम्ही? मी लातूरहून बोलून राहिलो. मुलीचा मामा. मार्केटात आडत हाय माझी."

आधी त्यांनी माझंच वजन केलं. गाव कोणतं, वडील काय करतात, आजोळ कुठलं. आजोळच्या गावात त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक निघालं तेव्हा त्यांचा आवाज सैल झाला. मग म्हणाले, "तुम्ही संगं राहता. जवळून पाहिलंय. पोरगं कसं हाय?"

"कामाला चांगला आहे."

"हाव, कामाचं कळलं आम्हाला. बाकी कसं? तिकडं लोक लई पितेत म्हणं. आन् बायाबी तसल्याच फिरतेत. आमची लेक साधी हाय, म्हणून विचारून राहिलो."

इतक्या महिन्यांत त्याच्या हातात मी बिअर एकदाच पाहिली होती. एका जर्मन माणसानं बळेच दिलेली, आणि तीही यानं नारळाच्या बुंध्याशी ओतून टाकली होती. गोऱ्या बाया समोरून आल्या की हा जमिनीकडं बघत चालायचा. एकदा तसाच चालत सायकलला धडकला होता. हे सांगायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. सांगितलं असतं तर मामा हसले असते.

मी तोंडातला घास चावला. घाई केली नाही. मग म्हणालो, "मामा, ते तुम्ही त्यालाच विचारलेलं बरं."

पलीकडं पोती टाकल्याचा आवाज आला.

"हाव," ते शेवटी म्हणाले. "लई उपकार झाले तुमचे."

मी उरलेली भाकरी खाल्ली. पातेल्यातलं आणखी एक वांगं घेतलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक असतात म्हणतात. मी तर खातानाच मोजले.

का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे आणि दर वेळी उत्तर तेच येतं. मत्सर होता. माझी तीन वर्षं वाया गेली आणि याला पहिल्याच झटक्यात शिकलेली, समुद्र बघून खूश होणारी मुलगी मिळत होती. पण खरं कारण याहूनही हलकं होतं. लग्न ठरलं की तो लातूरला जाणार होता. मग त्या पत्र्याखाली मी एकटा ब्रेड खात, अनवाणी लोकांशी हवेबद्दल बोलत बसणार होतो. एका बाजूला दोघांचा संसार होता आणि दुसऱ्या बाजूला माझी संध्याकाळची भाकरी. मी भाकरी उचलली.

चार दिवसांनी मुलीकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पीठ मळता मळता त्यानं मला ते सांगितलं. मुलीचा नंबर लागेना. त्यानंतरही आठ-दहा दिवस तो साडेसहाला पाण्यात जाऊन उभा राहिला, फोन खिशात ठेवून. मी दारातून बघितलं आणि चहा घेऊन आत आलो.

वर मी त्याचं सांत्वनही केलं. खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "अरे, मामा लोक असलेच असतात. काहीतरी काडी घालतात. तुला दुसरी मिळेल."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "हाव भाऊ," म्हणाला आणि भाकरी माझ्या ताटात टाकली. मला मनातून वाटलं, किती भोळा आहे हा. भोळ्या माणसाला फसवण्यात एक सोय असते, आपण फार हुशार आहोत असं वाटत राहतं. पुढं चार महिने आम्ही तसेच राहिलो. वांगी, भाकरी, आयुक्तालय, सगळं पहिल्यासारखं. उलट तो आधीपेक्षा जास्तच बोलायचा.

मग कंपनीनं सगळ्यांना पुण्याला बोलावलं आणि माझं बेट संपलं. तोही महिन्याभरात लातूरला परतला. मला ऑफिस आलं तसं वर्षाच्या आत स्थळही आलं. नांदेडचंच. माझ्या चौकशीला कोण कुठं गेलं ते मी विचारलं नाही. लग्न ठरलं, लग्नपत्रिका छापून आल्या, आणि मला एकदम पापाची आठवण झाली. पश्चात्ताप वगैरे म्हणणार नाही. मांडवात जायच्या आधी आंघोळ करतात, तसं मला अंग हलकं करून घ्यायचं होतं. म्हणून त्याच्या नावाची लग्नपत्रिका हातात घेऊन मी लातूरच्या एसटीत बसलो.

त्याची खोली एका क्लासच्या वरच्या मजल्यावर होती. दोन मॉनिटर, एक टेबल, भिंतीला वह्यांचे गठ्ठे. पडद्यावर एक सर तोंड उघडून थांबलेले होते. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, घरच्यांची विचारपूस केली. मी पत्रिका त्याच्या हातात ठेवली. लिफाफ्यावर त्याचं नाव मी स्वतः लिहिलं होतं.

"तुला एक सांगायचं होतं," मी म्हणालो. "त्या मामांचा फोन मला आला होता."

"माहीत हाय."

"मी त्यांना..."

"'त्यालाच विचारलेलं बरं,' म्हणलास." तो लिफाफ्याकडं बघत बोलत होता. "मामा सरळ माणूस. त्यानं खरंच विचारलं. त्याच दुपारी. मी भाजीच्या दुकानातच होतो. म्हणाला, पाव्हणं, तुमचा दोस्त असं म्हणतो, आता तुम्हीच सांगा काय हाय. मी म्हणलं, मी पीत न्हाई, माझं कुठं काही न्हाई. तर म्हणाला, मग दोस्त का बोलंना?"

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? मलाबी ठाव नव्हतं."

म्हणजे त्या दुपारी तो भाजी घेऊन घरी आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. त्यानं माझं खरकटं ताट उचललं होतं. संध्याकाळी पुन्हा पीठ मळलं होतं. पुढचे चार महिने, रोज दोन वेळा, पहिली भाकरी माझ्या ताटात पडत होती ती हे माहीत असलेल्या हातानं.

मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. इतके दिवस मी त्याला मूर्ख समजत होतो, आणि हा मला तसं समजू देत होता.

"मग बोलला का नाहीस मला?" माझा आवाज चढला.

"बोललो असतो तर भांडण झालं असतं. तू खोली सोडून गेला असतास." तो शांत होता. "त्या बेटावर मराठी बोलायला दुसरं कोण होतं?"

खाली एक बॅच सुटली आणि जिन्यात पोरांचा गलका झाला. कुणीतरी दारातून डोकावून त्याला चहाचं विचारलं. "माझा एकच सांग," तो म्हणाला. मग त्यानं लिफाफा उघडून पत्रिका पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, आप्तेष्टांच्या नावांसकट. वाचून झाल्यावर नीट घडी करून लिफाफ्यात घातली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली.

"आता मी लातुरात हाय," तो म्हणाला. "हितं बोलायला लई माणसं हायेत." त्यानं हेडफोन कानाला लावला आणि पडद्यावरचे सर शिकवायला लागले.