मुंग्या माझं जेल खाईनात

मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. जे. पी. नगरमधल्या एका स्वयंपाकघरात मी ओट्यापाशी गुडघे टेकून बसले होते... आणि मी लावलेल्या जेलच्या ठिपक्याला बगल देऊन मुंग्यांची रांग शांतपणे पुढे चालली होती. एक म्हणून थांबेना.

ही गोष्ट नव्वदीच्या शेवटाकडची. मिरजेहून केमिस्ट्रीची पदवी घेऊन मी बेंगळुरूच्या एका छोट्या कंपनीत लागले होते. आम्ही झुरळं आणि मुंग्या मारायचं जेल बनवायचो. फवारा नाही, धूर नाही... साखरेच्या लगद्यात अगदी किंचित औषध. मुंगीनं ते खायचं, वारुळात न्यायचं, बाकीच्यांना भरवायचं आणि मग सगळ्यांनीच आटपायचं. म्हणजे आधी तिला ते आवडायला हवं. सगळी मेख तिथेच.

झुरळांचं जेल पास झालं होतं. मुंग्यांच्या जेलनं मात्र सहा महिने माझा जीव खाल्ला. घट्ट केलं की वर साय धरायची, मुंग्या ढुंकूनही बघायच्या नाहीत. पातळ केलं की टाइल्सवरून ओघळायचं. शेवटी एकदाचं जमलं. लॅबमधल्या मुंग्या तुटून पडल्या, कोरमंगलाच्या एका बॅचलर मुलांच्या फ्लॅटमधल्या रांगा चार दिवसांत गायब. मी हवेत.

तर लॅबचे आमचे सर म्हणाले, जिथे रोज साग्रसंगीत स्वयंपाक होतो अशा घरात चालवून दाखव, पुढच्या शुक्रवारी मी स्वतः बघायला येतो. नाही चाललं तर मुंग्यांचं काम बंद. मला घेतलं होतं त्याच कामासाठी, आणि प्रोबेशन संपायला आलं होतं. घरी बाबांनी स्थळांची यादी तयारच ठेवली होती... नोकरी गेली की मिरजेची गाडी ठरलेली.

शोधून असं घर मिळालं ते जे. पी. नगरच्या अक्कांचं. अक्का सत्तरीच्या. त्यांचे पूर्वज साताऱ्याकडून आलेले, पण किती पिढ्यांमागे ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मराठीच बोलायच्या, फक्त ती निम्मी कन्नडमध्ये भिजलेली. मी गेले की आधी "स्वल्प बस ग, कापी पी" आणि कॉफी झाली की मग बाकी सगळं.

तर त्या मंगळवारी जेल लावून चार दिवस झाले होते आणि मुंग्या काही खाईनात. मी फॉर्मवरचे पंधराही प्रश्न अक्कांना परत विचारले. स्प्रे मारला का, फिनाइल टाकलं का, रॉकेलचं फडकं फिरवलं का, हळद घातली का... सगळ्याला "इल्ला", नाही म्हणून. खोटं बोलणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच. म्हणजे दोष माझ्या जेलचा.

चिडून लॅबमध्ये गेले, साखर कमी करून मध घातला, नवा लॉट केला आणि बुधवारी सकाळी नेऊन लावला. संध्याकाळपर्यंत ढिम्म. परतताना बसमध्ये मी चक्क रडले. शेजारच्या बाईंनी काही न विचारता मला खिडकीची जागा दिली.

गुरुवारी राहवेना म्हणून सातलाच अक्कांकडे पोचले. मागचं दार उघडं होतं. अक्का नारळाच्या बुंध्याशी वाकून मुंग्यांना साखर आणि रवा घालत होत्या... चिमूटभर नाही, चांगला वाडगाभर.

हसावं की रडावं कळेना. पोट भरलेल्या मुंग्या माझं जेल कशाला चाटायला बसल्यात?

मुंग्यांना रोज चिमूटभर साखर घालायचं अक्कांच्या सासूबाईंपासून चालत आलेलं. मी जेल लावलं त्या दिवसापासून मात्र त्यांनी वाडगा काढला होता. म्हणाल्या, "तुझं औषध खाऊन मरणारच की बिचाऱ्या. निदान उपाशी तरी मरू नयेत." साखर घालायची पद्धत आमच्या मिरजेच्या घरीही होती. मलाच विचारायचं सुचलं नव्हतं, एवढी मी शहाणी.

रागावणार होते, पण तोंडातून भलतंच सगळं बाहेर पडलं... शुक्रवार, सर, प्रोबेशन, स्थळांची यादी. अक्का ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्या मुंग्यांवर तुझी नोकरी?" मी मान हलवली. वाडग्यावर त्यांनी झाकण ठेवलं. "सरी, बरं. उद्या ते तुझे सर येऊन जाईपर्यंत नाही घालत."

शुक्रवारी दहाला सरांना घेऊन गेले. स्वयंपाकघरात शिरले आणि... प्रत्येक ठिपक्याभोवती मुंग्यांचं कडं. तिथून माघारी निघालेली रांग थेट मागच्या दारापर्यंत. सरांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "रिपोर्ट लिहून काढ." हुश्श... कितीतरी दिवसांनी मी पुरता श्वास घेतला.

सर गेल्यावर मी आनंदानं अक्कांना म्हटलं, आता द्या तुमची कापी. तेव्हा त्यांची सून सासूकडे नजर टाकून हळूच मला म्हणाली, "आमच्या अत्तेंनी काल सकाळपासून कापीशिवाय काही घेतलेलं नाही."

मी अक्कांकडे बघितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "त्यांना उपाशी ठेवून मी कशी जेवू ग? झालं ना तुझं काम? चल, पानं घेऊ."

त्यांच्या शेजारी जेवायला बसले, पण माझं लक्ष त्यांच्याच पानाकडे. अक्का मात्र समाधानानं सार-भात जेवत होत्या.

नोकरी राहिली, मी बेंगळुरूत राहिले, पुढे असली जेलं पुष्कळ बनवली. माझ्या नोकरीपायी लागणारं पाप त्या बाईंनी गुपचूप स्वतःच्या पोटावर घेतलं होतं, तेही आठवड्याभराच्या ओळखीवर. अक्का, त्या दिवशी पानावर मला हे बोलता आलं नाही... तुम्ही उपाशी राहिलात म्हणून मी इथे राहिले.