प्रणालीचा लॅपटॉप अन् धानाचा वास

शेजारधर्म पाळला की किस्से आपोआप साठतात. आमच्या मोहाडीत लोक त्याला भोचकपणा म्हणतात, म्हणू द्या! शेजारची प्रणाली पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. धानाचे दोन नमुने घेऊन कोणता सरस ते सांगणारा प्रोग्राम ती एका राइस मिलसाठी बनवत होती. शुक्रवारी चारपर्यंत चालला तर घरूनच काम, नाही तर पुण्याला परत. मी विरजणाची वाटी घेऊन दिवसातून तीनदा जायचे. काळजी वाटते हो!

*

सोमवारी स्क्रीन लालभडक.

"काय झालं वं?"

"एरर आहे, काकू. मी लिहिलीच नाई त्या ओळीत! वर एक शब्द लिहाचा, तुलनेचा कोड मशीनच लिहिते."

"अन् चूक कोणाची?"

"माही!"

मला नवल वाटलं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. आमच्या घरी हीच सिस्टिम आहे.

*

मंगळवारी तिच्या पुण्याच्या सरांचा फोन. (कान लावला नव्हता, भिंतच पातळ आहे.) "टाइप एरर आहे, नीट वाच!"

"टाइप म्हणजे काय वं?"

"प्रकार, काकू. दाण्याची लांबी, ओल हे आकडे. ते मशीनले जमते. वास हा प्रकार मीच बनवला. त्यात सरस कोणता, हे मशीनले सांगितलंच नाई. तरी थे सगळ्याचीच तुलना कराले जाते अन् अडते."

"म्हणजे आमच्या नणंदबाई!"

*

बुधवारी तिच्या आईनं, सुमनबाईंनी, मीठ-मिरच्यांनी लॅपटॉपची दृष्ट काढली. नेमका व्हिडिओ कॉल लागला.

"तिकडे धूर कसला?" सर ओरडले.

"आमी एरर जाळून राहिलो जी!" सुमनबाई म्हणाल्या.

एरर गेली नाही. सर मात्र लगेच गेले.

*

गुरुवारी प्रणालीनं बॅग भरायला काढली. तिचे बाबा, महादेवभाऊ, शेतातून आले.

"कायले अडलं?"

"वासापाशी, बाबा."

"मंग वास काढून टाक ना! त्याच्यासाठी माहं नाक आहे."

प्रणालीनं बॅग सोडून लॅपटॉप उघडला.

*

शुक्रवारी, चारच्या आत, सरांसमोर प्रोग्राम चालला!

"पण वासाचं काय केलंस?"

"काढला, सर. वास माणूस पाहील."

"कोणता माणूस?"

महादेवभाऊंनी दोन मुठी धान घेतलं, वास सुटावा म्हणून तोंडाची वाफ दिली अन् दोन्ही तळवे कॅमेऱ्यापुढे धरले. "घ्या साहेब, हुंगून सांगा. कोणता बरा?"

अन् सर, पुण्यात बसल्या बसल्या, खरोखर पुढे वाकले!

मग सावरून बसत म्हणाले, "प्रणाली, तू तिथंच राहा."